रयत आणि रवन्ना यांच्यामध्ये

तिन्ही पुस्तकांची सूची मी केली आहे.
व्यासपीठावर तीन लेखक, पाण्याच्या तीन बाटल्या,
एक शाल जास्तीची, कारण अध्यक्ष आले नाहीत.
मी पाचव्या रांगेत, पंख्याखाली.
वाशीतल्या या सभागृहात एसी आहे,
पण तो फक्त लग्नांना लावतात.

विद्वान माणूस नवं पुस्तक शेवटून उघडतो.
आधी स्वतःचं नाव शोधतो, मग शत्रूचं,
मग दोघांचे पृष्ठांक मोजतो.
मला ते ठाऊक आहे, म्हणून मी
कुणाचा एकही आकडा गाळत नाही.

प्राध्यापक तळवलकर बोलतात जात्यावरच्या ओवीतल्या थांब्यांवर:
बाई दाणे कुठे टाकते आणि श्वास कुठे घेते.
त्यांच्या पुस्तकात 'श्वास' एकशे चाळीस वेळा येतो.
मी त्याचे पोटभाग पाडले होते:
श्वास, ओवीच्या आधीचा;
श्वास, सासू जागी असतानाचा.
त्या स्वतः मात्र न थांबता बोलतात.

मुकादम सरांनी बंदरांच्या जकातीचा इतिहास लिहिला.
सुपारी, काथ्या, घोडे, आणि एक हत्ती
ज्यावर जकात किती घ्यावी ते कुणालाच कळेना,
तो अकरा दिवस धक्क्यावर उभा, सरकारी गवत खात.
सभागृह हसतं. सरही हसतात.
हत्ती, पृष्ठ त्र्याण्णव. मला पाठ आहे.

मग सुकन्या आठल्ये. वय चौतीस,
पहिलंच पुस्तक, मिठागरांवर.
कागद धरलेला हात थोडा हलतो.
सांगते, आपण बसलोय तिथे खाजण होतं,
भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचे,
अडवायचे, उन्हाच्या हवाली करायचे.
उघाडी: पृष्ठ एकेचाळीस, पुढे सतरा उल्लेख.

प्रश्नोत्तरं. नेहमीचे दोघे उठतात.
एकाला प्रश्न नसतो,
दुसऱ्याचं स्वतःचं पुस्तक येऊ घातलेलं असतं.
मग दिवागावच्या चांगुणा मढवी.
माईक नको म्हणतात, हातानेच.
"बाय, चांगला लिवलंस. पन उघारी उघारी काय,
बिननावाची कंचीच नसाची.
आमची व्हती तिचा नाव ररकी.
कवापन बंद करा, गलाचीच.
माजा बापूस रातचा उठून तिचे तोंडान चिखल भराचा,
बोलाचा, गप गो बाय, आता गप."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळलं नाही.
सुकन्याने निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं,
मग विचारलं, "मावशी, ड की र?"
"आमी ररकीच बोलताव."

मी माझी प्रत काढली, पेन्सिल शोधली.
ड घातला तर ती जाईल
रजिस्टर आणि रद्द दस्तऐवज यांच्यामध्ये.
शुद्ध जागा आहे, कुणी हरकत घेणार नाही.
र ठेवला तर रयत आणि रवन्ना यांच्यामध्ये:
एकीकडे माणसं,
दुसरीकडे माल सोडल्याचा कागद.
मी र ठेवला.
स्वल्पविराम दिला, आणि अडले.
पृष्ठांक काय लिहू?
चारशे बारा पानांत ती कुठेच नाही.

चहा झाला, वडे झाले.
मुकादम सर चांगुणाबाईंना
हत्ती पुन्हा सांगत होते, या वेळी तेरा दिवसांचा.
निघताना वॉचमनने जिन्यात अडवलं:
तळघरातून जाऊ नका, पौर्णिमा आहे,
उधाणाचं पाणी झिरपतं पार्किंगमध्ये,
दुपारपासून पंप लावलाय, थांबतच नाही.

चांगुणाबाई कठड्याला धरून
खाली वाकल्या, ऐकत राहिल्या.
मी त्यांची पिशवी धरली होती.